पिठातले सहा पाय

जमने, ये इकडे. अशी जवळ बस, ओट्याच्या कडेला नको, तिथे ऊन येतं. तुझ्याशी बोलायचंय, आणि लांबून ओरडून बोलायची ताकद आता माझ्यात राहिली नाही. काय गं बाई ही तुझी रीत? माझं झरी गाव काय आणि तुझं वेवजी काय, हाक मारली असतीस तर भात चुलीवर तसाच टाकून आले असते. मरण कुणाला चुकलंय, त्याचा राग नाही मला. पण इतक्या वर्षांची मैत्रीण, आणि तिला शेवटपर्यंत पत्ता लागू द्यायचा नाही? असं कुणी करतं का?

मी संशयी, हे तूच गावभर केलंस. "देवकीला दूध दिलं तर ती आधी म्हशीला विचारून येईल," असं म्हणायचीस आणि बचत गटातल्या सगळ्या बायका हसायच्या. हसा. तुला जाऊन महिना होत आला आणि मी रोज एकच गोष्ट उलटीसुलटी करून बघते. तू मला बोलावलं नाहीस, की तुला बोलावू दिलं नाही? एवढं एकदा कळलं की मग निवांत रडेन म्हणते. त्याच्याआधी रडायला बसले तर चुकीच्या माणसावर रडणं व्हायचं.

तशी आपली ओळखच संशयातून झाली. तलासरीला बचत गटाची बैठक होती. गटाच्या गुळाच्या बरणीला मुंग्या लागल्या आणि मला वाटलं झाकण तूच उघडं टाकलंस. तुला वाटलं मी. दोघी बरणीपाशी बसून राहिलो, एकमेकींना रंगेहाथ पकडायला. बघतो तर एक मुंगी काचेवरून सरळ वर चाललेली. ना खाच ना खळगा, आणि ही बया जिना चढावा तशी चढतेय. तू म्हणालीस, "नखं असतात तिला." मी म्हटलं, "काचेत नख रुततं होय? तुझं रुतवून दाखव बरं." तर तू खरंच बरणीला नख लावून बघितलंस. दुसरी कुणी असती तर तोंड वाकडं करून उठून गेली असती. तिथेच तू मला आवडलीस. झाकण कुणी उघडं टाकलं होतं ते मात्र अजून कळलेलं नाही.

मग डहाणूच्या घड्याळवाल्याकडे गेलो. त्याचं दुकान बंद व्हायचं होतं आणि तो असेल नसेल ते विकत होता. डोळ्याला लावायचं भिंग मागितलं तर म्हणाला, "बेन, घड्याळ कुठलं आहे?" तू म्हणालीस, "घड्याळ नाही हो, मुंगी आहे." त्याने हातातलं घड्याळ बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "मुंगीचं काय बिघडलंय?" परत येताना बसमध्ये आपण इतक्या हसलो की कंडक्टरने तिकीट द्यायला दोनदा विचारलं, कुठे जायचंय म्हणून.

भिंग एक आणि बाया दोघी, कधी तुझ्याकडे कधी माझ्याकडे. ते डोळ्याच्या खोबणीत नुसतं अडकवायचं, हात न लावता. मला ते कधी जमलं नाही, गाल आवळून आवळून माझं तोंड दुखायचं आणि भिंग पडायचं ते पडायचंच. तुझ्या डोळ्यात ते बसायचं जसं काही तुझ्या आईने तुला त्याच्यासकट जन्माला घातलं होतं. भिंग लावून तू चहा प्यायचीस, सुनेला हाका मारायचीस, माझ्याशी भांडायचीस. मला संशय यायचा की मी येणार म्हटल्यावर तू आधी सराव करून ठेवतेस.

त्या भिंगातून पहिल्यांदा मुंगीचं पाऊल बघितलं. पायाच्या टोकाला दोन वाकडी नखं, कोयत्यासारखी. आणि त्यांच्या मधोमध एक गुबगुबीत गादी. झालं. तू नखवाली झालीस आणि मी गादीवाली. तू म्हणायचीस सगळा जोर नखांचा, गादी काय, पाय दुखू नये म्हणून असेल. मी म्हणायचे, गादीला ओल आहे, ती चिकटते. किती वर्षं चाललं ते भांडण. तुमच्या घराला नवा चुना लावला तेव्हा मुंग्या भिंतीवरून घसरून पडायला लागल्या. तू फोन करून मला बोलावलंस, "ये, बघ, पूड सुटते म्हणून नखाला धरायला काही मिळत नाही." मी आले, बघितलं आणि म्हटलं, "पूड गादीला लागली की गादी भिंतीला कशी चिकटेल?" एकाच भिंतीवरून दोघी जिंकलो.

मग मी बरणीच्या आतून गळ्याशी अंगाला लावायची पावडर फासली. मुंग्या काचेवरून तिथवर आरामात आल्या आणि शेवाळावरून माणूस जावा तशा खाली. मला वाटलं आता तरी मानशील. तू म्हणालीस, "पावडरीचा वास नसेल सोसत त्यांना." म्हणून चाळलेली राख लावली. तसंच झालं. तर तू म्हणतेस, "राखेलाही वास असतो." जमने, मला संशयी म्हणणाऱ्या बाईने राखेचा वास काढावा?

खरं काय ते शेवटी मलाच दिसलं, आणि तेही भिंग हाताने धरून. मुंगी खडबडीत सालीवर चालली की नखं साल धरतात आणि गादी आत मिटलेली असते. गुळगुळीत जागी आली की नखं निसटतात, आणि ती निसटली की गादी फुगून बाहेर येते आणि धरते. म्हणजे दोघींचंही खरं. मी धावतपळत हे सांगायला वेवजीला आले. तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "हं. बघू." आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा नखांची बाजू घेऊन भांडायला लागलीस. मला तेव्हापासून संशय आहे की तुला हे माझ्या कितीतरी आधी कळलं होतं. भिंग तर तुझ्याच डोळ्यात असायचं ना सगळा वेळ. भांडण मिटलं तर देवकी कशाला येईल इतक्या लांब, असा हिशोब केला असशील. खोटं म्हण. आता कशी म्हणशील.

त्यानंतर राहिला तो पाय सोडण्याचा वाद. इतकं चिकटतं तर मुंगी पाऊल उचलते कशी? उचलते ते उचलते, पळतेसुद्धा. गेल्या थंडीत तू माझ्याकडे आलीस तेव्हा मी तुला आरशावरची टिकली दाखवली. टिकली सरळ ओढली तर निघत नाही, कडेने सोलली की सहज सुटते. मुंगीही तसंच करते. पाय अंगाकडे ओढला की गादी पसरते, पुढे ढकलला की कडेकडेने सुटते. मी म्हटलं, "तू करून बघ." तू टिकलीला बोट लावलंस. नख तिच्या कडेखाली जाईना. आरशावरून बोट घसरत राहिलं. दुसरा हात लावलास, तोही तसाच. मग म्हणालीस, "गोंद बदललाय मेल्यांनी, फार चिकट करून ठेवलाय." आणि मी म्हटलं, असेल.

जमने, मी भाजीवाल्याच्या तराजूवर विश्वास ठेवत नाही. पंचांगावर ठेवत नाही. त्या दिवशी तेवढा गोंदावर ठेवला. मुंगीच्या पायातलं नख मला दिसायचं आणि समोर बसलेल्या बाईच्या बोटातला जोर गेलेला दिसला नाही. जाताना तू चहाही कप दोन्ही तळव्यांत धरून प्यालीस, मला वाटलं थंडी आहे.

मग तू यायची बंद झालीस. फोन केला की तुझी सून सुरेखा उचलायची. आई झोपल्यात. आई अंघोळीला गेल्यात. आई शेतावर आहेत. भर दुपारी कोण अंघोळ करतं गं तुमच्यात? मी मनात सगळं जुळवून बघितलं आणि माझी खात्री झाली, या पोरीने तुला कोंडलंय. शिमगा झाल्यावर मी न कळवताच आले. सुरेखा दारातच उभी राहिली. खुर्ची बाहेर, चहा बाहेर. म्हणाली, "आईंना ताप आहे मावशी, तुम्हाला लागेल." आणि तेवढ्यात आतून खोकला आला. तापाचा खोकला मला कळतो. हा तुझा बैठकीतला खोकला होता, अध्यक्षबाई लांबण लावायला लागल्या की तू काढायचीस तो. मी सुरेखाकडे बघितलं. ती मातीकडे बघत होती. घरी येऊन मी अर्ध्या झरीला सांगितलं की जमनाची सून कशी आहे ती.

नंतर एका सकाळी तुझ्या विनोदचा फोन आला. "मावशी, आई गेली." एवढंच बोलला आणि फोन तसाच चालू ठेवून रडत राहिला.

मला रिक्षा मिळेपर्यंत तुला नेलं होतं. तेही राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आले. तुझा जीव जिथे गेला तिथे जमीन सारवून, तांदळाचं पीठ पसरून, बाजूला दिवा लावून रात्रभर टोपली पालथी घातली होती, आपल्यात घालतात तशी. गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला त्याचं पाऊल पिठात उमटतं म्हणतात. माणसं जमली होती, पण टोपली उचलली नव्हती. विनोद म्हणाला, "तुमच्यासाठी थांबवली मावशी. पावलं तुम्हालाच कळतात."

टोपली उचलली. पिठात बारीक बारीक टिंबं होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

तुझे दीर रामजीभाऊ सगळ्यांच्या आधी बोलले. "पाखरू आहे. पाखराचाच पाय."

शेजारची म्हातारी म्हणाली, "पाखराला मागं बोट असतं. वासरू असंल."

"एवढंसं वासरू?"

"लहान असतंय जन्मलं की."

विनोद माझ्याकडे बघत होता. भिंग तुझ्याकडे राहिलेलं, म्हणून मी नुसतीच वाकले. तर माझ्यासमोर हात आला आणि हातात भिंग. सुरेखा. कुणी मागितलंही नव्हतं. तिथेच माझ्या डोक्यात दिवा लागला, हिला एवढी घाई का?

भिंग हाताने धरून बघितलं. डावीकडे तीन टिंबं, उजवीकडे तीन. पुन्हा डावीकडे तीन, उजवीकडे तीन. समोरासमोर, शिलाई मारावी तशी. सगळी सारख्याच खोलीची. जमने, तुला आठवतं ना, आपण परातीत रांगोळी पसरून तिच्यावर भुंगेरा सोडला होता? सहा पायांचा प्राणी जोड्या जोड्यांनी चालत नाही. एका बाजूचा पुढचा आणि मागचा, दुसऱ्या बाजूचा मधला, असे तीन पाय टेकतात आणि तेवढ्या वेळात उरलेले तीन उचलतात. तिपाई डुगडुगत नाही, तसं. त्याची वाट नागमोडी उमटते, आणि पाय ओढल्याच्या रेघा असतात. या पिठात एक रेघ नव्हती. काडीने काढलेलं होतं सगळं. आणि काढणाऱ्याला सहा पाय माहीत होते, चालणं माहीत नव्हतं.

"काय दिसतंय मावशी?" विनोदचा आवाज फाटला होता.

मी म्हटलं, "सहा पाय आहेत." ते काही खोटं नव्हतं.

रामजीभाऊ उठून उभे राहिले. "म्हणजे काय, माझी वहिनी झुरळ झाली?"

कुणीतरी फस्सकन हसलं. मला वाटलं आता विनोद भडकेल. पण तोच हसायला लागला, डोळे पुसत पुसत. "झुरळ नाही काका, मुंगी. आई मुंगीच होणार. दुसरं काय होणार ती." आणि पिठाला हात जोडून तिथेच बसला. आदल्या दिवसापासून त्याने पाणी घेतलं नव्हतं म्हणे. म्हातारीने चहा दिला तो प्यायला.

मी मात्र आतून पेटले होते. आधी माझ्या मैत्रिणीला कोंडायचं आणि मग तिच्या पिठात काड्या मारायच्या. आपल्या दोघींच्या वेडाची चेष्टा करते काय ही? मागे पाण्याच्या टाकीपाशी ती भांडी घासत होती. मी तिथे जाऊन उभी राहिले.

तिने मान वर केली नाही. "तुम्हाला कळलं ना मावशी."

"काय कळलं?"

"तुमच्या तोंडावर दिसत होतं."

"मग सांग. कशाला केलंस?"

ती कढई घासत राहिली. "पहाटे मी एकटीने टोपली उचलून बघितली. काही नव्हतं. पीठ पसरलं तसंच होतं. यांना काय दाखवू? आधीच म्हणत होते, आई माझ्यावर रागावून गेली, मी वेळेवर डॉक्टरकडे नेलं नाही. कोरं पीठ बघितलं असतं तर..."

"मग पाखराचा पाय काढायचास. तीन रेघा. सोपा असतो."

"आईंना पाखरं कुठे आवडायची? चिकू टोचतात म्हणून काठी घेऊन धावायच्या."

मला हसू आलं आणि त्याचाच राग आला. म्हटलं, "सहा काढलेस, पण चुकीचे काढलेस. असं कुणी चालत नाही." आणि टाकीच्या ओल्या कठड्यावर बोटाने तिला काढून दाखवलं, कुठला पाय कधी टेकतो ते. ती राखेच्या हाताने बघत बसली. मग म्हणाली, "पण आता काय उपयोग?"

"माझ्या वेळी नीट काढ."

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मी तिला रडू दिलं. मला अजून माझं विचारायचं होतं.

"मला आत का येऊ दिलं नाहीस?"

"आईंनीच सांगितलं होतं."

"खोटं."

"मुलाची शपथ मावशी. बोटांतला जोर गेला होता त्यांच्या. नसांचं काहीतरी, वापीचे डॉक्टर म्हणाले यावर औषध नाही. आधी बटणं लागेनात, मग घास धरवेना. मी भरवायचे. त्या म्हणायच्या, देवकीला येऊ देऊ नकोस. ती आली की आधी माझे हात बघेल. बोलणार काही नाही, पण बघत बसेल. मला तिच्या भिंगाखाली जायचं नाही."

जमने, हे ऐकून मी कठड्यावर काढलेले पाय पदराने पुसून टाकले.

"भिंग मात्र जवळ लागायचं," ती म्हणाली. "मी डोळ्याला लावून द्यायचे. हात लावायला नको ना त्याला. खिडकीपाशी पडून मुंग्या बघत बसायच्या. आणि तुम्ही आलात त्या दिवशी दाराआड खुर्चीत होत्या. मी हात जोडले, आई, आवाज करू नका, नाहीतर मावशी आत येतील. तर मुद्दाम खोकल्या. तुम्ही गेल्यावर मला म्हणतात, कळलं असेल का गं तिला?"

आता मी काय करू सांग. माझा स्वभाव तुला माहीत आहे. सुरेखा खरं सांगते यावरही माझा पुरता विश्वास बसला नव्हता. घरी येऊन पुन्हा सगळं उलटून बघितलं. हिने मला बरं वाटावं म्हणून खोकल्याचं जोडलं असेल का? जी पोर नवऱ्यासाठी पिठात पाय काढते ती म्हाताऱ्या मावशीसाठी दोन वाक्यं काढू शकणार नाही? पण खोकला तर मी माझ्या कानांनी ऐकला होता. त्यात तिची काडी चालायची नाही. आणि बटणांचं, घासाचं, भिंगाचं, टिकलीच्या आरशापासून सगळं नीट लागतं. कुठे फट सापडत नाही, आणि मी फट शोधणारी बाई.

मग तुझ्याच दोन गोष्टी उरल्या. येऊ देऊ नकोस म्हणालीस, आणि खोकलीस. दोन्ही तुझ्याच. कुठली खरी धरू? सुनेला सांगितलंस ते तोंडाने सांगितलंस, आणि तुझ्या तोंडाचा भरवसा मी कधी धरला होता? जन्मभर नखांची बाजू घेतलीस. मी खोकला खरा धरते. सुरेखाची मी झरीत जिथे जिथे बदनामी केली तिथे तिथे जाऊन आता उलटं सांगून आलेय. बायका म्हणतात, देवकी, तुझं नक्की काय ते ठरव. सुरेखा परवा इथे आली होती, भिंग द्यायला. मी म्हटलं, तुझ्याकडेच ठेव. तिच्या डोळ्यात ते बसतं, मी लावून बघायला लावलं. माझ्या मनात आलं, हिनेही गुपचूप सराव केलाय.

एक तुझं म्हणणं मला कबूल आहे. मी बघितलं असतं. तुझे हात बघितल्याशिवाय मला राहवलं नसतं. पण बाई, मुंगीचा पाय निसटलेला बघून मी कधी तिला हसले होते का? बघितलं असतं, आणि मग घास मी भरवला असता. सुनेला जेवढं जमलं तेवढं मला जमलं नसतं, असं वाटलं होय तुला? यावर आपलं भांडण व्हायचं राहिलंय. ते मी एकटी किती भांडू? तुझी बाजू घेऊन बोलायला लागले की तू जिंकतेस.

तेव्हा ऐक. तू मला बोलावलं नाहीस, मी तुला बोलावते. आपल्यात कुणीतरी बोलवायलाच हवं. कशीही ये, पण हात जसे आहेत तसे घेऊन ये, पदराखाली लपवू नकोस. मी बघणार नाही म्हणत नाही, तुला खोटं वाटेल. बघेन, आणि मग तुझ्या शेजारी बसेन. दुपारी मी घरीच असते. दार लोटलेलं असतं, कडी नसते. फार दिवस लावू नकोस गं जमने, ये लवकर.